गिनिपिगची धाप आणि माणसाची

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते म्हटलं की हे प्रश्न येतातच: गिनिपिगच्या श्वासनलिका ज्या औषधाने मोकळ्या राहतात, त्याने माणसाचा दमा का थांबत नाही? आणि थांबत नसेल, तर त्या मुक्या जिवांना छळता कशाला?

पहिल्याचं उत्तर देता येतं. गिनिपिगची श्वासनलिका हिस्टामिनला, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाला, फार हळवी असते, म्हणून हिस्टामिनविरोधी औषध तिथे झकास चालतं. माणसाच्या दम्यात ल्युकोट्राइनसारखे इतरही पदार्थ नलिका आवळतात, सूज असते, चिकट कफ असतो. तिथे ते औषध तोकडं पडतं. उंदराला तर आपणहून दमा होतच नाही, तो आम्ही घडवतो.

दुसरा प्रश्न मला लागतो, कारण ती पेटी मी पाहिली आहे. पारदर्शक पेटीत हिस्टामिनचा फवारा सोडतात. आधी साल्ब्युटामॉल, म्हणजे दम्याच्या पंपातलं नलिका मोकळ्या करणारं औषध, दिलेला गिनिपिग बराच वेळ शांत बसतो. नलिकेभोवतीचा स्नायू सैल पडलेला असतो. पण तुलनेसाठी एकाला नुसतं मिठाचं पाणी दिलेलं असतं. तो आधी नाक चोळतो, खोकतो. मग मान ताणतो, बरगड्या आत ओढल्या जातात, तोंड उघडतं. कोसळण्याआधी त्याला बाहेर काढायचं आणि वेळ लिहायची. औषधाचा गुण त्या वेळेवरूनच ठरतो. त्याला वाचवायचं औषध शेजारीच असतं आणि ते त्याला द्यायचं नसतं. हे मी केलं आहे.

तेव्हाची मी म्हणायची, याला पर्याय नाही. पण रॉजर अल्टुन्यान या दमेकरी डॉक्टरने साठच्या दशकात स्वतःच अ‍ॅलर्जीचे पदार्थ हुंगून क्रोमोग्लायकेट या दम्यावरच्या औषधाचा गुण तपासला, कारण गिनिपिगवरच्या निकालांवर त्याचा विश्वास नव्हता. मग वाटतं, पर्याय होता.

तरी ल्युकोट्राइनचा माग 1938 साली गिनिपिगच्याच फुप्फुसात लागला. त्याची रचना उलगडायला 1979 उजाडलं, आणि ल्युकोट्राइनला अडवणारी माँटेलुकास्ट ही दम्याची गोळी त्याच वाटेने आली. ती गोळी घेणाऱ्याला मी काय सांगू?

आता शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी फुप्फुसाच्या पातळ कापांत नलिका आकसताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मला ते काम जास्त पटतं. पण त्या कापात रक्त फिरत नाही, मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटलेल्या असतात. त्यामुळे प्राण्यांवाचून सगळं भागेल, असं माझ्याच्याने अजून म्हणवत नाही.