पावलं मोजणारं कॉलेज

अमेरिकेतल्या इथाका गावचं कॉर्नेल विद्यापीठ म्हटलं की आमच्या मुरुडला (दापोलीजवळचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे) इंजिनिअरिंग आठवतं, फार तर शेती. तिथलं माझं कॉलेज 'ह्यूमन इकॉलॉजी'चं. नाव ऐकून लोक विचारतात, "म्हणजे पर्यावरण का?" तर तसं नाही. १९६९ पर्यंत याच कॉलेजचं नाव होम इकॉनॉमिक्स होतं. थोडक्यात, आपलं गृहविज्ञान. हे कळल्यावर काकू म्हणाली, "मग त्यासाठी इथाकापर्यंत कशाला गेलीस गो? भाकरी इथेच शिकवली असती."

काकूला फोनवर हे धड सांगता येत नाही, मध्येच कोणीतरी दारात नारळ विचारायला येतं. म्हणून लिहूनच टाकते.

सुरुवात १९०० साली झाली. कॉर्नेलचे लिबर्टी हाइड बेली शेतकऱ्यांसाठी घरबसल्या वाचायचे पाठ काढत होते. शेतकऱ्यांच्या बायकांसाठीही असं काही काढायला त्यांनी मार्था व्हॅन रेन्सेलर या शिक्षिकेला बोलावलं. तिची पहिली पुस्तिका पाककृतींची नव्हती. तिचा विषय होता, पावलं कशी वाचवायची. चूल कुठे, पाणी कुठे, टेबल कुठे, आणि या तिन्हींमध्ये बाई दिवसभर किती चालते.

हे वाचलं तेव्हा मला आमचं घर दिसलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, मग न्हाणी आणि त्याच्याही पलीकडे विहीर. सगळं एका रेषेत, आगगाडीसारखं. मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा टेप घेऊन मोजायला लागले. काकू कमरेवर कळशी घेऊन आली आणि म्हणाली, "मोजतेस काय? धर ही." तिचंही बरोबर होतं.

आता मानसन्मानाचं. १९११ मध्ये मार्था आणि तिची सहकारी फ्लोरा रोझ या कॉर्नेलच्या पहिल्या पूर्ण प्राध्यापिका झाल्या. तो ठराव वाचण्यासारखा आहे. एकूणात बायकांना प्राध्यापक नेमणं प्राध्यापक मंडळाला पसंत नव्हतं, पण गृहविज्ञान विभागात नेमायला त्यांची हरकत नव्हती! म्हणजे चुलीपाशीच बसणार असाल तर बसा, असाच त्याचा अर्थ. पुढे १९२३ मध्ये महिला मतदारांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्थाला अमेरिकेतल्या बारा थोर हयात स्त्रियांमध्ये गणलं, आणि १९२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने या विभागाला स्वतंत्र कॉलेजचा दर्जा दिला. हॉटेल व्यवसायाचं शिक्षणही १९२२ मध्ये याच विभागात सुरू झालं. ती शाखा पुढे वेगळी होऊन जगभर गाजली. मुरुड-कर्दे पट्ट्यात घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या आमच्या बायकांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

मला सर्वांत आवडतो तो १९३३चा प्रसंग. मंदी ऐन भरात होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये साडेसात सेंटचं जेवण वाढलं: टोमॅटोच्या सॉसमधली भरली अंडी, कुस्करलेले बटाटे, ब्रेड आणि सुक्या प्लमचं पुडिंग. हा बेत आमच्या कॉलेजच्या बायकांनी बसवलेला. कमी पैशात पोषण पूर्ण मिळायला हवं, हा हिशेब. फ्लोरा रोझने त्याच काळात मक्याचं पीठ, दुधाची पावडर आणि मीठ एकत्र करून 'मिल्कोर्नो' तयार केलं. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व किती पिढ्या लेकरांना भरवतायत, पण त्याबद्दल कोणाला प्राध्यापकी मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

सगळंच काही मिरवण्यासारखं नाही. १९२०च्या सुमारापासून १९६९ पर्यंत विद्यार्थिनींना बालसंगोपन शिकवायला अनाथालयातून खरी बाळं आणत. सराव-घरात मुली पाळीपाळीने आई व्हायच्या, आणि काही महिन्यांनी बाळ दत्तक जायचं. पहिल्या बाळाचं नाव ठेवलं डिकी डोमेकॉन. हे आडनाव 'डोमेस्टिक इकॉनॉमी'वरून. हे सांगितल्यावर काकू बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या पोराला कोण आठवत असेल गो?" गंमत म्हणजे याच कॉलेजातले युरी ब्रॉन्फेनब्रेनर पुढे मुलाच्या वाढीत घर, शेजार, शाळा, आईबापांची नोकरी असं सगळं मोजायला लागतं हे सांगून जगप्रसिद्ध झाले. गरीब घरच्या लहान मुलांसाठी १९६५ मध्ये सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट'च्या शिल्पकारांत ते होते. आपली अंगणवाडी १९७५ची.

आणि आमच्याच गावचे अण्णा कर्वे! मुरुडच्या धोंडो केशवांनी १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. मुरुडमध्ये हे पोराटोरांना पाठ आहे, तरी गृहविज्ञान म्हटलं की हसतात. मला हे खटकतं.

१९५०च्या दशकात कॉर्नेलच्या संशोधकांनी स्वयंपाकघराचा एक नमुना बनवला. बाईच्या उंचीप्रमाणे ओट्याची उंची बदलायची, आणि कणीक मळायची जागा वेगळी, भांडी घासायची वेगळी. २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या स्वयंपाकघराची कौलं उडाली, तेव्हा गवंड्याने नवा ओटा घातला तो स्वतःच्या कमरेच्या हिशेबाने. काकू ठेंगणी. ती आजही ओट्यापुढे पाट ठेवून त्यावर चढून पीठ मळते. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, "ओटा एवढाच असतो, ताई."

परवा काकूने फोन करून विचारलं, "तुझ्या त्या कॉलेजात ओटा चार बोटं खाली घ्यायला किती खर्च येतो, ते शिकवतात का?"