बॅकअप उघडून पाहिला

१७ मे, रविवार

घरातले सगळे पासवर्ड आता कीपासएक्ससी या पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या एकाच फाइलीत आहेत. बँक, महाडीबीटी, बाबांचा पीक विमा, माझं जीमेल. फोन वावरात पडला न् लॅपटॉपही विजेच्या झटक्यात गेला, तर सारी भिस्त पेनड्राइव्हवरच्या कॉपीवर. म्हणून दुपारी ती तपासायला बसलो.

आधी शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, जुळवला. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या. पण त्यावरून कळतं ते एवढंच, की कॉपी होताना काही बिघडलं नाही. मूळ फाइलच खराब असेल तर कॉपीही तशीच खराब होणार, आणि हॅश तरी जुळणारच. शिवाय माझी की-फाइल, म्हणजे पासवर्डासोबत किल्लीसारखी लागणारी छोटी फाइल, वेगळ्या मेमरी कार्डवर आहे. ती हाताशी नसेल तर मास्टर पासवर्ड बरोबर असूनही काही उघडत नाही.

बाबा ओसरीत सोयाबीनची उगवण पाहत होते. ओल्या गोणपाटात ओळीने मांडलेले १०० दाणे. ७० च्या वर कोंब आले तरच ते बियाणं पेरायचं. मला म्हणाले, "कापी आहे न तुह्याजोळ बाबू, मंग उघडून कायले पाह्यतं?" मी गोणपाटाकडे बोट दाखवलं. "हव, बराबर हाय," म्हणाले. घरचं बियाणं कितीही टपोरं दिसो, ते दरसाल कोंब मोजतातच.

हिच्या जुन्या लॅपटॉपवर माझं काहीच नाही, म्हणून मुद्दाम तोच घेतला. वायफाय बंद ठेवलं. फाइल उघडली, नोंदींचा आकडा जुळला. तेवढ्यावर न थांबता मधल्या मधल्या नोंदी पाहिल्या, जोडलेला सातबाराही उघडला. मग लॉगिनला पासवर्डानंतर लागणारा, दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोनवरच्या कोडाशी लावून पाहिला, तर जुळेना. पोटात गोळाच आला. लॅपटॉपच्या आतला सेल संपलेला, तारीख २०१५ ची! हा कोड गुप्त किल्ली आणि वेळ या दोन्हींवरून निघतो. घड्याळ लावलं, कोड जुळला. नेट चालू असतं तर घड्याळ बहुधा आपोआप लागलं असतं, आणि अडचणीच्या दिवशी असं काही होऊ शकतं हे समजलंच नसतं.

दादा बिटवॉर्डन हा दुसरा पासवर्ड मॅनेजर वापरतो. त्याला संध्याकाळी बजावून सांगितलं, त्यातला एन्क्रिप्टेड एक्सपोर्ट, म्हणजे कुलूपबंद करून बाहेर काढलेली कॉपी, दोन तऱ्हेचा असतो. अकाउंटला बांधलेली फाइल दुसऱ्या अकाउंटात घेता येत नाही. अकाउंटच गेलं तर ती असून नसल्यासारखी. पासवर्ड लावलेला प्रकार घे. आणि सीएसव्ही, म्हणजे कुलूप नसलेली साधी यादी, पेनड्राइव्हवर ठेवूच नको. ती कुणालाही वाचता येते, आणि आपला पेनड्राइव्ह तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडेही लागतो.

रात्री हिला बसवलं आणि मी बाजूला झालो. पाकिटातला कागद, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, एवढंच तिच्यापुढे. मला काही न विचारता तिने फाइल उघडली, जीमेलचे आठ आकडी बॅकअप कोड शोधून दाखवले. माझा जीव खरा तेव्हा भांड्यात पडला. मग पेन मागून तिने कागदावर वरच एक ओळ लिहिली, "आधी लॅपटॉपची तारीख पाहणे."

ताई उद्या अमरावतीला निघते. दुसरा पेनड्राइव्ह तिच्याजवळ देतोय. की-फाइल त्यावर ठेवलेली नाही, ती नंतर वेगळी पोचवीन.