इटलीतल्या जेनोआतला आजचा दिवस

पाय दुखतायत, पण झोपायच्या आधी लिहून ठेवते.

सकाळी सान लोरेन्झो कॅथेड्रल पाहिलं. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे बघत आत शिरले आणि उजव्या बाजूला चक्क तोफगोळा! ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलाने डागलेला, भिंत फोडून आत पडलेला, पण फुटला नाही. माझ्या कमरेपेक्षा उंच, गंजलेला. त्याच्यापुढे उभी राहिले आणि अंगावर सर्रकन काटा आला. शेजारीच एक आजीबाई शांतपणे मेणबत्ती लावत होत्या.

व्हिया गरिबाल्दी या रस्त्यावरचे महाल भव्यच, पण माझा जीव अडकला प्रसिद्ध व्हायोलिनवादक पगानिनीच्या व्हायोलिनपाशी. १७४३ चं! काचेला नाक लावून किती वेळ बघत होते.

मग बंदरामागच्या बोळांत. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील इतके अरुंद, वर वाळत घातलेले कपडे. तिथे फारिनाता खाल्ला: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, लाकडाच्या भट्टीत भाजलेला. कडा कुरकुरीत, मधे मऊसूत. पहिल्याच घासाला आईचं बेसनाचं धिरडं आठवलं, लगेच तिला फोन केला.

संध्याकाळी लिफ्टने वर कास्तेल्लेत्तोला, शहर दिसणाऱ्या उंच जागेवर. खाली पाटीच्या दगडाची करडी छपरं, पलीकडे समुद्र आणि १५४३ पासून उभा असलेला लांतेर्ना दीपस्तंभ. दिवा लागेपर्यंत हललेच नाही.