गहाण सुटलं, पण नक्कल सुटता सुटेना

"वतन गेलं तेव्हाच तुमचं गहाणही गेलं." आमच्या घरानं दोन पिढ्या हे ऐकून घेतलं. आजोबांनी पाटीलकीच्या वतनातला, म्हणजे पाटीलपदाच्या सेवेबद्दल घराला मिळालेल्या जमिनीतला, एक तुकडा भाऊबंदाकडेच कब्जेगहाण ठेवला होता; म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जमीन त्याच्याच ताब्यात. १ जानेवारी १९६३ ला कायद्यानं महसुली पाटीलकी संपली, वतन जमिनी सरकारकडे गेल्या आणि कब्जाहक्काची रक्कम भरली की रिग्रँट, म्हणजे तीच जमीन सरकारकडून पुन्हा नावावर, मिळू लागली. जमीन कसत होता तो भाऊबंद. रक्कम त्यानं भरली, हुकूम त्याच्या नावावर निघाला आणि त्याची पुढची पिढी बांधावर उभी राहून मालकासारखं बोलायला लागली.

कोल्हापुरातल्या आमच्या वकिलांनी ही अडचण पहिल्याच बैठकीत निकालात काढली. गहाण घेणारा म्हणून जमिनीत होता, म्हणूनच त्याला रिग्रँट मिळाली. तेव्हा तो लाभ त्यानं गहाण देणाऱ्यासाठी धरलाय असं मानायचं. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ चं कलम ९० हेच सांगतं, आणि महाराष्ट्रातल्याच अशा एका जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये तसा निकाल दिलाय. त्यानं भरलेली रक्कम मात्र हिशेबात धरून परत द्यावी लागते, आणि ते रास्तच आहे. गहाण सोडवायच्या दाव्याला असलेल्या तीस वर्षांच्या मुदतीची भीती सगळे घालतात. पण निव्वळ कब्जेगहाणात ती मुदत गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं स्पष्ट झालंय.

कायदा असा आमच्या बाजूनं. अडलं ते एका कागदापाशी: रिग्रँटच्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, उगाच पुढच्या नकलेला अडचण नको.

अर्जात फेरफाराचा (जमिनीच्या दप्तरातल्या बदलाच्या नोंदीचा) नंबर घातला, तर म्हणे हुकमाचा नंबर घाला. फेरफारात तो नंबर शाई पसरून गेलेला. मग म्हणे गट नंबर लिहा. लिहिला, तर पलीकडच्या टेबलावरचे साहेब हसले, "अहो, त्या साली गट कुठं होते?" खरंच नव्हते, हुकूम जुन्या सर्व्हे नंबरावर होता. सर्व्हे नंबराचा गट कुठला झाला, हे दाखवायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा (तुकडे जोडून गट पाडले तेव्हाचा) ९(३)-९(४) चा उतारा आणावा लागला. तो आधीच काढून ठेवा, कुणीही आपण होऊन सांगत नाही. उतारा घेऊन गेलो, तर रेकॉर्डचा माणूस इलेक्शन ड्युटीला. तो आला, तर "गठ्ठा जीर्ण आहे, मिळणार नाही." माझं डोकं तापलं होतं, पण भांडून काय मिळणार? चहाही पाजला नाही, ही माझी हट्टाची बाजू.

शेवटी माहिती अधिकारात दोनच ओळींचा अर्ज टाकला: हुकूम नष्ट केला असेल तर नष्ट केलेल्या कागदांच्या यादीची प्रत द्या, नसेल तर हुकूम दाखवा. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, आणि "नष्ट केला" असं लेखी द्यायला कुणी धजत नाही. मग रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सापडला. लाल फडक्यावरच्या चिठ्ठीवर शेजारच्या गावाचं नाव होतं, दोन्ही गावं एकाच सजात (एकाच तलाठ्याच्या हद्दीत) असल्यानं कागद एकत्र बांधलेले. आत आमचा हुकूम, कडा कुरतडलेला. शेऱ्याच्या रकान्यात तीनच शब्द: "गहाणदार म्हणून कब्जात". साठ वर्षांचं भांडण त्या तीन शब्दांत मिटण्यासारखं होतं. झेरॉक्स काढताना माझे हात थरथरत होते.

तो कागद समोर आल्यावर कोर्टातलं पुढचं काम सरळ झालं.

हां, एक राहिलंच. गहाण सोडवायच्या दाव्याची कोर्ट फी जमिनीच्या आजच्या भावावर लागत नाही, गहाणखतातल्या मूळ रकमेवर लागते. शेतीचे भाव बघून आमचे चुलते दावा लावायलाच घाबरत होते. समोरचा गहाणाचे पैसे घेईना, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८३ खाली ते कोर्टात भरता येतात. कागद मुदतखरेदीचा (पैसे फेडले की जमीन परत, अशा अटीच्या विक्रीचा) असेल, तर परत देण्याची अट त्याच दस्तात आहे का ते आधी बघा. वेगळ्या कागदावरची अट असेल तर ते गहाण धरत नाहीत.

आणि प्राथमिक हुकूमनामा (कोर्टाचा पहिला निर्णय) हातात आला म्हणून पेढे वाटू नका. त्यात ठरलेल्या तारखेच्या आत पैसे भरून अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या अंतिम हुकूमनाम्याची नक्कल तलाठ्याकडे दिल्यावरच फेरफार पडतो.