वारं कुठलं आहे?

आमच्या घरात राखेला भलताच मान. राखेच्या बुधवारी कपाळावर करडा क्रूस ओढून घेतला की ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो, आणि त्याच सुमारास बाबा शेतात राब भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून काढायच्या, तयारीला लागतात. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचे ते आठवडे घरातलं प्रत्येक माणूस थोडंफार राखेने माखलेलं असतं. कपाळावरची राख दुपारपर्यंत घामाने उतरते. राबाची नखांत जाऊन बसते ती आठवडाभर निघत नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात घरामागे वाडी आणि खाली सखल भागात शेत, अशी जुनी मांडणी. वाडीत केळी, नारळ, मोगरा, मांडवावर दुधी-पडवळ, आणि सगळ्यांना पाणी पाजणारं एखादं बावखल. पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर आमच्या आज्या-पणज्यांनी संसार केले. त्यातली कितीतरी आता बुजली. विहिरींचं पाणी टँकरने शहराकडे जायला लागलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. आमच्या आजीनेही लाल लुगडं खोचून मोर्चात पायपीट केली होती. तरी इमारती आल्याच. आमच्याकडे आता अर्धा एकर वाडी आणि सतरा गुंठे शेत उरलंय. मी मुंबईत नोकरी करतो आणि सुट्टीपुरता शेतकरी असतो, म्हणजे बाबांच्या हिशेबात नसतोच.

कपाळाला लागणारी राख कुठून येते, हे लहानपणी कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली माडाची कोवळी, पिवळट पाती आम्ही घरी आणतो, त्यांचे छोटे क्रूस विणतो आणि वेदीवरच्या क्रुसामागे खोचून ठेवतो. वर्षभरात ती वाळून खडखडीत होतात, मग चर्चमध्ये परत जातात, जाळली जातात आणि त्यांचीच राख पुढच्या राखेच्या बुधवारी आमच्या कपाळावर येते. राख लावताना फादर सांगतात की तू माती आहेस आणि मातीला मिळशील. शहरातला माणूस त्यावर दचकत असेल. आमची आजी म्हणायची, ‘‘मग काय सिमेंटला मिळायचं?’’

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं आवण म्हणजे रोपं जिथे तयार करायची तो तुकडा आधी भाजून काढतात. खाली वाळलेलं शेण पसरायचं, त्यावर टहाळ आणि पालापाचोळा, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर ढेकळं फोडून बारीक केलेली माती. मातीचा तो थर असतो आग दाबून ठेवायला. राबाने भडकायचं नसतं, धुमसायचं असतं. धग खाली उतरली पाहिजे, तणाचं बी भाजलं पाहिजे, आणि वर जी राख उरते ती जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर रोपांच्या मुळाशी जाते. याच्या विरोधातही बरंच बोललं जातं आणि ते खोटं नाही. टहाळासाठी झाडं ओरबाडली जातात, धूर होतो, शेण खताला जायचं ते जळून जातं. चारसूत्री नावाच्या सुधारित भातशेतीत राब भाजतच नाहीत, गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. बाबांना हे सगळं ठाऊक आहे. सतरा गुंठ्यांना लागणारं आवण ते एका खोलीएवढ्या तुकड्यात काढतात आणि टहाळाऐवजी वाडीतला केरच घालतात. पण भाजतात.

राब पेटवायचा एक नियम आहे. वारं ज्या दिशेला जातंय त्या टोकाला काडी लावायची. म्हणजे आगीला वाऱ्याच्या विरुद्ध, मागे मागे सरकावं लागतं. ती रांगत जाते आणि जाता जाता जमीन शिजवते. दुपारी आमच्याकडे वारं समुद्रावरून येतं, तेव्हा काडी पूर्वेला.

हे मला पन्नासदा ऐकून पाठ होतं. तरी ज्या वर्षी बाबांचा गुडघा दुखत होता आणि काम माझ्यावर आलं, त्या वर्षी मी पश्चिमेला उभा राहून काडी लावली. कारण इतकंच, की त्या बाजूला धूर डोळ्यांत जात नव्हता. पुढचं पाच मिनिटांत झालं. गवत सरसर पेटत गेलं, मातीचा थर मी कंजुषीने टाकला होता तो फुटला, आणि आग पलीकडच्या काकांच्या कुडाला जाऊन भिडली. काका ओलं गोणपाट घेऊन धावत आले. मी नुसता बादली हातात धरून उभा. कूड हातभर जळला. काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मला ‘साहेब’ म्हणतात. शेण खाली तसंच कच्चं राहिलं होतं, आणि जूनमध्ये त्या तुकड्यावर भातापेक्षा तण जोमदार होतं.

चित्रातला ईस्टर मी पुष्कळ पाहिलाय. हिरवळ, पिवळी फुलं, सशाची पिल्लं, बर्फ वितळून वर आलेले कोंब. बेकरीतली साखरेची रंगीत अंडी लहानपणी आम्हीही मिटक्या मारत खाल्ली. पण तो वसंत त्यांच्याकडचा. आमचा ईस्टर येतो तेव्हा बावखलाच्या दोन पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात, वाडीतली केळी दुपारी पानं मिटून घेतात आणि शेतात त्या काळ्या चौकोनाशिवाय पाहण्यासारखं काही नसतं. पाऊस दोन महिने लांब. पेरणी नाही, रोप नाही, ढगाचा ठिपका नाही. नुसती तयारी.

तारीखही दरवर्षी हलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा तिचा हिशेब. ही पौर्णिमा पुष्कळदा चैत्रातलीच निघते. २०२३ साली गुरुवारी, ६ एप्रिलला, हनुमान जयंती होती आणि त्याच संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी. पलीकडच्या आळीतून आलेला सुंठवडा आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे घेतला जातो. उपवासकाळात चालतो का, असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘सुंठ औषध आहे,’’ आजीने निकाल दिला होता.

शुभ शुक्रवारी आमच्याकडे कुदळीला हात लावत नाहीत. चर्चची घंटा गुरुवारपासून मुकी असते, तिच्या जागी लाकडी खटखटा वाजतो. घरात मोठ्याने बोलायचं नाही, पाटाला पाणीही सोडायचं नाही. बाबा त्या दिवशी वाडीत नुसते फिरून येतात, हात मागे बांधून. बहात्तर वर्षांच्या माणसाला तण दिसूनही उपटायचं नाही, हे प्रायश्चित्त पुरेसं आहे असं मला वाटतं.

आणि मग शनिवारची रात्र. चर्चचे सगळे दिवे घालवलेले. बाहेर पटांगणात लोक अंधारात उभे, हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या, कागदाची टोपडी घातलेल्या. मधोमध लाकडं रचलेली. याच नव्या अग्नीवरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटते आणि तिच्यावरून बाकीच्यांच्या. फादरांचा आवाज थांबतो, सगळे गप्प, कुणाचं तरी तान्हं तेवढं कुरकुरतं. मागच्या वर्षी वेदीसेवक पोराने काडी लावली, ती विझली. दुसरी लावली, तीही. तिसरीला लाकडांनी एकदम पेट घेतला आणि ज्वाळा थेट फादरांच्या झग्याच्या दिशेने झुकली. फादर चपळाईने मागे सरले. त्या पवित्र शांततेत माझ्या शेजारून बाबांचा आवाज आला, हळू म्हणायचा पण तीन रांगांना ऐकू जाईल असा: ‘‘वारं कुठलं आहे ते बघत नाहीत.’’

पुढच्या रांगेतले कुडवाले काका मागे वळले आणि बाबांकडे नाही, माझ्याकडे बघून हसले.

ईस्टरच्या पहाटेचा उतारा बाबांचा आवडता. मग्दालियाची मरिया अंधार असतानाच कबरेपाशी येते, दगड सरकलेला, आत कुणी नाही. ती रडत असते. मागे एक जण उभा असतो, त्याला ती ओळखत नाही, तिला वाटतं हा इथला माळीच असेल. या चुकीवर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. बाबांच्या मते यात चूक काहीच नाही. ‘‘उन्हाळ्याचे दिवस. बागेत त्या वेळी दुसरं कोण असणार? पाणी पहाटेच सोडायचं असतं. ऊन चढल्यावर सोडलं तर मुळाशी पोचायच्या आत निम्मं उडून जातं.’’ ते हे इतक्या सरळपणे म्हणतात की त्या उताऱ्यात मला आता पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. तो तिथे लिहिलेला नाही.

पण दाण्याच्या वचनाशी त्यांचं जमत नाही. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातलं. लहानपणी माझी अडचण गव्हाची होती. आमच्याकडे गहू रेशनच्या दुकानात उगवायचा. बाबांची अडचण वेगळी. ‘‘मेलेला दाणा उगवतो होय? पेरून बघा म्हणावं. तो निजलेला असतो.’’ धर्मशिकवणीच्या शिक्षिकेने एकदा त्यांना समजावलं की ती उपमा आहे. बाबा म्हणाले, उपमा बरोबर आहे, बियाणं तपासून घ्या.

ते स्वतः तपासून घेतात. पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चला निघण्याआधी ते बियाण्याच्या कर्जत-३ भातातले शंभर दाणे मोजतात. डोळे मिटून मूठ भरायची, निवडून घ्यायचे नाहीत. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा रांगा मांडतात, तुकडा गुंडाळतात, सुतळीने बांधतात आणि खाटेखाली अंधारात ठेवतात. शुक्रवारी त्याला कुणी हात लावत नाही. शनिवारी आई तेवढं पाणी शिंपडते.

यंदाही ईस्टरच्या मिस्साहून आल्यावर इंद्याल या मांसाच्या कालवणाचा वास घरभर भरलेला, पाहुणे यायच्या बेतात, आई तव्यावर तांदळाची भाकरी थापत होती. बाबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि खाटेखालून ते गाठोडं ओढलं. सुतळी सोडून तुकडा उंबरठ्यावर उजेडात पसरला. दाण्यांच्या टोकांतून पांढरे, केसासारखे कोंब. काही वळलेले, काही गोणपाटाच्या धाग्यांत अडकलेले. प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. बाबांनी चष्मा लावला आणि मोजायला बसले. मी जिथे उभा होतो तिथून त्यांच्या अंगावर सावली पडत होती, तर हाताने बाजूला हो म्हणाले.

‘‘सत्त्याऐंशी,’’ ते म्हणाले. मग तुकडा माझ्याकडे सरकवला. ‘‘तू मोज.’’

मी मोजले. अठ्ठ्याऐंशी भरले. बाबांनी तो जास्तीचा दाणा कुठला ते दाखवायला लावलं, बोटावर घेऊन उजेडाला धरला, आणि फाटकात पाहुण्यांची रिक्षा थांबली तरी त्यांची नजर त्यावरून हलली नाही.