डायलॉग उघडणारा कोण, मिटणारा कोण

आमचं प्रॉडक्ट व्ह्यू ३ या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर आहे. 'नक्की डिलीट करायचं?' हा डायलॉग प्रत्येक स्क्रीनने आपापला पाळला होता: एक बूलियन (उघडा की बंद ते सांगणारा हो/नाही), टेम्प्लेटच्या तळाशी कंपोनंट (स्क्रीनचा सुटा तुकडा), होकाराचा एक इव्हेंट, नकाराचा दुसरा. दिसायला सगळे सारखेच, कारण बटणं आणि रंग डिझाइन सिस्टीममधून, म्हणजे सामाईक घटकांच्या संचातून, येतात. उघडझाप मात्र जो तो आपली लिहीत होता.

मला हवी होती एक ओळ: विचार, अवेट कर (उत्तर येईपर्यंत थांब), हो किंवा नाही परत घे. त्यामागचा मॅनेजर अगदी छोटा आहे. कोणता कंपोनंट, कोणते प्रॉप्स (त्याला दिलेली माहिती) आणि कुणाचं प्रॉमिस (नंतर मिळायचं उत्तर) अडकलंय, याचा एक अ‍ॅरे. तो अ‍ॅरे टेलिपोर्टने (कंपोनंट पानात दुसरीकडे नेऊन दाखवायची व्ह्यूची सोय) बॉडीखाली रेंडर करणारा एकच होस्ट.

अ‍ॅरे ठेवायचा कुठे, हा खरा प्रश्न. मॉड्यूलच्या (कोडच्या एका फाइलच्या) डोक्यावर रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅरे लिहून टाकायचा मोह होतो, आणि ब्राउझरमध्ये ते चालतंही. पण सर्व्हरवर रेंडर करताना मॉड्यूल प्रोसेसमध्ये एकदाच लोड होतं, मग एकाच्या रिक्वेस्टचा स्टेट दुसऱ्याच्या पानात डोकावू शकतो. म्हणून प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र मॅनेजर, प्रोव्हाइड-इंजेक्टने (वरून दिलेली वस्तू खालच्या कंपोनंटने मागून घ्यायची व्ह्यूची पद्धत). इंजेक्ट सेटअपमध्येच, म्हणजे कंपोनंट तयार होतानाच, करून ठेवायचं. क्लिक हँडलरमध्ये शिरल्यावर ते मागून मिळत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो आवराआवरीवर. डायलॉग उघडा असताना माणूस दुसऱ्या पानावर गेला, तर विचारणाराच नाहीसा होतो आणि प्रॉमिस लटकतं. आमचं कंपोजेबल (कंपोनंटांत वापरायचं सामाईक फंक्शन) ऑनस्कोपडिस्पोजमध्ये, म्हणजे स्कोप आवरला जाताना, आपण उघडलेले डायलॉग मिटवतं आणि उत्तर 'नाही' देतं. ऑनअनमाउंटेड (कंपोनंट पानावरून निघाल्यावर चालणारा हुक) का नाही? ते कंपोनंटला बांधलेलं आहे, व्ह्यू ३.२ मध्ये आलेलं ऑनस्कोपडिस्पोज कोणत्याही इफेक्टस्कोपमध्ये (एकत्र आवरता येणाऱ्या इफेक्टांच्या गटात) चालतं. प्रॉमिस रिजेक्टही करत नाही, म्हणजे एरर देत नाही. माणसाने डायलॉग बंद केला, यात एरर कसली? त्यापायी प्रत्येक ठिकाणी ट्राय-कॅच लिहायला लावणं मला तरी पटत नाही.

मागच्या पानाचं स्क्रोल थांबवायला बूलियन पुरत नाही. फॉर्मच्या डायलॉगवर खात्रीचा डायलॉग उघडला आणि मिटला की फॉर्म उघडा असतानाच पान सरकायला लागतं. तिथे उघड्या डायलॉगांची मोजणी हवी. शेवटचा बाहेर पडणारा दिवा घालवतो तसं.

रुंदी, अ‍ॅनिमेशन, फुलस्क्रीन अशा ऑप्शन्सची मागणी आलीच. दिली नाही. ते कंपोनंटने बघावं. मॅनेजरला दिसण्याबद्दल काही कळायला लागलं की तो दुसरी डिझाइन सिस्टीम होऊन बसतो.

नेटिव्ह डायलॉग एलिमेंट मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. शोमोडल केलं (तो मोडल, म्हणजे बाकीचं पान अडवून, उघडला) की टॉप लेअर (सगळ्याच्या वरचा थर), एस्केप, फोकस हे ब्राउझरच बघतो, त्यामुळे आमचे ९९९९ वाले झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर ते ठरवणारे आकडे) गेले. स्क्रोलची मोजणी मात्र राहिली, कारण ते काम तो करत नाही.

आणि टोस्टचं (थोडा वेळ दिसणाऱ्या छोट्या सूचनेचं) नवं लचांड आलं. साधा टोस्ट मोडलच्या खाली दडतो. पॉपओव्हर (टॉप लेअरमध्ये जाणारा ब्राउझरचा प्रकार) करून वर आणला तर दिसतो, पण डायलॉगच्या बाहेरचं सगळं इनर्ट (क्लिक न घेणारं) असल्याने त्यावरचं 'अन्डू' दाबलंच जात नाही. सध्या मोडल उघडा असेल तर होस्ट टोस्ट त्या डायलॉगच्या आतच रेंडर करतो. कोड दिसायला ओंगळ आहे, पण 'अन्डू' चालतं.