बारा व्होल्टांचा संसार

घरी विजेचं बिल महिन्यातून एकदा येतं. कॅम्पिंगच्या व्हॅनमध्ये ते सारखं डोळ्यांसमोर असतं. सीटखाली १०० अँपिअर-अवरची (बॅटरीत साठणारी वीज मोजायचं माप) लिथियम बॅटरी, टपावर सोलर पॅनेल आणि ओट्याच्या वर बॅटरी किती टक्के उरली ते दाखवणारा छोटासा गोल मीटर. गुहागरला सुरूच्या बनाशी गाडी लावली की नजर समुद्राच्या आधी मीटरकडे जाते.

जुनी लेड-ॲसिड बॅटरी निदान काही लपवायची नाही. भार काढून जरा निवांत ठेवली की १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. आताच्या लिथियम बॅटरीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, चेहरा निर्विकार. ८० टक्के भरलेली असो की ४०, व्होल्टेज १३.१ ते १३.३ मध्येच घुटमळणार आणि शेवटी एकदम बसणार. म्हणून निगेटिव्ह वायरवर शंट, म्हणजे करंट मोजणारा छोटा तुकडा, लावतात. तो बॅटरीत डोकावतच नाही. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, एवढी खतावणी लिहितो. बारीकसारीक चुका साचत जातात. बॅटरी काठोकाठ भरली की मीटर पुन्हा १०० वर येतो आणि हिशेब नव्याने सुरू. थोडक्यात, आपण ज्या टक्क्यांवरून भांडतो तो एक सुशिक्षित अंदाज असतो.

आणि भांडतो हे खरंच. मी चटणीला मिक्सर लावला की बायको आतून ओरडते, "अरे, बॅटरी!" वास्तविक ५०० वॉटचा मिक्सर दोन मिनिटांत जेमतेम दीड अँपिअर-अवर खातो. कोपऱ्यातला फ्रीज मात्र कोकणातल्या उकाड्यात चोवीस तासांत सहज चाळीसेक गिळतो, तोही हूं की चूं न करता. आळ नेहमी आवाज करणाऱ्यावर येतो.

खरा तंटा सावलीचा. माणसाला सुरूखाली झोपायचं असतं, पॅनेलला उन्हात. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले, त्यामुळे एका फांदीची सावलीही तिच्या आकाराच्या मानाने फारच जास्त वीज बुडवते. दुपारी टक्का घसरू लागला की माझं म्हणणं, गाडी उन्हात काढू. बायकोचं म्हणणं, बांगडे आजच तळू आणि फ्रीज बंद करू. गॅस तिच्या हाताशी असल्यामुळे बहुधा बांगडेच आधी संपतात.